ग्वाल्हेरात बसून इटलीचे पणजोबा शोधले, जहाजाच्या जुन्या याद्या वाचायच्या कशा ते सांगतो

माझी भाची न्यू जर्सीला असते, तिचा नवरा म्हणजे आमचे जावई इटालियन घरातले. मागच्या दिवाळीला दोघं ग्वाल्हेरला आले होते तेव्हा त्यांना जयविलास दाखवायला नेलं आणि मी सहज म्हटलं की हा राजवाडा ज्याने बांधला तो मायकेल फिलोस तुमच्याच बाजूचा, नेपल्सहून शिंद्यांच्या फौजेत नोकरीला आलेल्या घराण्यातला, १८७४ चं काम आहे हे. झालं. जावई तिथेच थांबले, म्हणाले मामाजी आमचे पणजोबा पण नेपल्सचे, पण कधी आले, कुठल्या जहाजाने आले, आमच्या घरात कुणाला म्हणजे कुणाला माहीत नाही. भाचीने लगेच ठोकून दिलं, मामाला मोडी येतं, मामा शोधेल.

आता मोडीचा आणि इटालियन जहाजाचा काय संबंध! पण रिटायर्ड माणसाला काम पाहिजेच असतं, सकाळचं फिरणं आणि बाड्यावरच्या बाजारातून भाजी आणणं यात दिवस जात नाही. चार महिने लागले, पणजोबा सापडले, पणजी पण सापडली. आता ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं की कसं केलं, कारण हल्ली कुणाचा जावई नाहीतर सून बाहेरची असतेच, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

सगळ्यात आधी कॉम्प्युटर बंद ठेवा. मस्करी नाही करत, मी पहिले तीन आठवडे असेच वाया घालवले, आडनाव टाकायचं, दोनशे नावं यायची, आणि प्रत्येकजण पणजोबाच वाटायचा. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा आणि चार गोष्टी विचारा. इटलीत असतानाचं पूर्ण नाव काय, जन्म अंदाजे कुठल्या साली, बायकोचं माहेरचं आडनाव काय, आणि त्यांच्या आधी अमेरिकेत कोण जाऊन बसलं होतं. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नेमका तोच कामाला येतो, कारण कुणीही एकटा उठून गेला नाही, मेव्हण्याकडे नाहीतर काकाकडे नाहीतर गावच्या माणसाकडे गेला. आपले लोक मुंबईला जाऊन आधी गाववाल्याच्या खोलीवर पडायचे, तसंच.

मग अमेरिकेतले कागद. १९०० ते १९३० च्या तिथल्या जनगणनांमध्ये माणूस कुठल्या साली देशात आला तो कॉलम आहे, पुढे ‘एन ए’ लिहिलं असेल तर नागरिक झाला, ‘पी ए’ म्हणजे नागरिक व्हायचा पहिला कागद भरलाय, ‘ए एल’ म्हणजे अजून परकाच. हे साल मात्र दोनतीन वर्षं इकडेतिकडे धरून चाला, दारात उभ्या जनगणनावाल्याला बायकोने किंवा शेजारणीने सांगितलेलं असायचं. नागरिकत्वाचा अर्ज मिळाला तर सोन्याहून पिवळं, १९०६ चा कायदा आला त्याच्यानंतरच्या अर्जात जहाजाचं नाव आणि उतरल्याची तारीख असते. ती पण आठवणीतून लिहिलेली असते हे विसरू नका, आमच्या पणजोबांनी महिना चुकवला होता, जहाज बरोबर होतं. पहिल्या महायुद्धाच्या वेळची १९१७-१८ ची भरतीची कार्डंही बघा, फौजेत न गेलेल्या लोकांचीही आहेत आणि त्यातल्या काहींवर जन्मगाव मिळून जातं.

जहाजाने आलेल्या प्रवाशांच्या याद्या कुठे बघायच्या? एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बेट, बाहेरून आलेल्यांची तपासणी तिथे व्हायची, त्याच्या फाउंडेशनच्या साइटवर फुकट आहेत, फॅमिली सर्चवर फुकट आहेत, दोन्हीकडे फक्त खातं उघडावं लागतं. आणि स्टीफन मोर्स म्हणून एक गृहस्थ आहेत, इंटेलची ८०८६ चिप ज्यांनी डिझाइन केली तेच, त्यांनी शोधायचे फॉर्म बनवून ठेवलेत, त्यातला ‘गोल्ड फॉर्म’ वापरा. आडनावाची फक्त सुरुवात, वय अमुक ते तमुक, गावाचं नाव, बरोबरच्या माणसाचं नाव, कशानेही शोधता येतं. मी तर म्हणेन की मूळ साइटपेक्षा हाच बरा.

वर्षांचा घोळ पण समजून घ्या. एलिस आयलंड सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. त्याच्या आधी १८५५ ते १८९० तपासणीचं ठिकाण कॅसल गार्डन होतं. जून १८९७ मध्ये एलिस आयलंडची लाकडी बिल्डिंग जळाली आणि डिसेंबर १९०० पर्यंत लोक बार्ज ऑफिसमधून आत गेले, त्यामुळे १८९९ ला आलेला पणजोबा ‘एलिस आयलंडवर उतरला’ असं घरात सांगत असतील तर ते तसं नाही, पण यादी त्याच साइटवर मिळेल. आणि सगळे न्यूयॉर्कलाच उतरले असं काही नाही. सिसिलीचे पुष्कळ लोक पालेर्मोहून थेट न्यू ऑर्लिन्सला गेले, बॉस्टन आणि फिलाडेल्फियालाही जहाजं लागायची. कुठेच सापडला नाही तर आधी अर्जेंटिनाला जाऊन मग आला असेल असाही विचार करा, त्या काळात ब्युनोस आयर्सला जाणारे इटालियन काही कमी नव्हते.

आता नावाचं. जावयांच्या घरात पक्की गोष्ट होती की एलिस आयलंडच्या साहेबाने आडनाव बदललं. हे जवळजवळ प्रत्येक इटालियन घरात सांगतात आणि ते खरं नाही. यादी अमेरिकेत बनतच नव्हती हो. ती नेपल्सला किंवा जिनोवाला किंवा पालेर्मोला, जहाज सुटायच्या आधी, जहाज कंपनीचा कारकून लिहायचा. न्यूयॉर्कचा इन्स्पेक्टर ती हातात धरून एकेकाला विचारायचा आणि टिकमार्क करायचा, जोडीला दुभाषी असायचे. आडनाव बदललं ते नंतर, कारखान्यात, शाळेत, किंवा स्वतःच कंटाळून बदललं. म्हणून शोधताना अमेरिकन आडनाव टाकायचंच नाही, इटालियन टाकायचं. पहिलं नाव पण इटालियन. घरात सॅम म्हणत असतील तर यादीत साल्वातोरे, जिमी असेल तर बहुतेक विन्चेंझो, पॅट्सी असेल तर पास्क्वाले, आणि चार्ली असेल तर कालोजेरो निघू शकतो, विशेषतः सिसिलीकडचा असेल तर.

स्पेलिंगसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा, इटालियनमध्ये सी-एच-आय म्हणजे ‘कि’ आणि नुसतं सी-आय म्हणजे ‘चि’, आपल्या इंग्लिशच्या सवयीच्या बरोबर उलटं. जी-एन म्हणजे ‘न्य’, जी-एल-आय म्हणजे ‘ल्यि’. घरचे जे बोलतात ते आधी देवनागरीत लिहून काढा (आपली लिपी या कामाला फार बरी) आणि मग त्याचं इटालियन स्पेलिंग करा. ‘डि’, ‘दे’, ‘लो’, ‘ला’ने सुरू होणारं आडनाव असेल तर जोडून, तोडून आणि ते गाळून, असं तीनदा शोधा.

आणि बायका! त्यांच्याकडे बाई लग्नानंतरही कागदावर माहेरचं आडनाव लावते. नवरा आधी गेला, दोन वर्षांनी बायको मुलं घेऊन गेली, तर यादीत बाई एका आडनावाची आणि तिच्या खाली मुलं वेगळ्या आडनावाची. साइटवाले ते एक कुटुंब म्हणून दाखवत नाहीत. मी पणजीला सासरच्या आडनावाने महिनाभर शोधत होतो, म्हणजे आपणच कपाळ बडवून घ्यायचं.

इथून खरं काम सुरू. साइटवर जे टाइप केलेलं नाव येतं ते कुणीतरी ती अक्षरं बघून लावलेला अंदाज आहे. मोडी वाचणाऱ्याला हे सांगायला नको, मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि एका कारकुनाचा ‘म’ दुसऱ्याच्या ‘स’सारखा दिसतो. तिथे आम्ही काय करतो? अडलेल्या शब्दाकडे डोळे फाडून बघत बसत नाही, त्याच हाताने लिहिलेला आणि आपल्याला आधीच माहीत असलेला शब्द शोधतो, ‘श्रीमंत’ म्हणा, ‘मौजे’ म्हणा, आणि त्यातून त्या माणसाची अक्षरं शिकतो. इथेही तेच. आपली ओळ वाचू नका, आख्खं पान वाचा. प्रत्येक पानावर जास्तीत जास्त तीस नावं असतात, त्यात चारपाच ज्युसेप्पे, दोनतीन मारिया, एखादा फ्रान्चेस्को असतोच असतो. एक कोरा कागद घ्या आणि ज्युसेप्पेवरून त्याचा मोठा जी, जोडून लिहिलेले दोन पी, साल्वातोरेवरून मोठा एस, लुईजीवरून मोठा एल, असे सगळे चितारून घ्या. मग आपल्या ओळीवर या.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगतो म्हणजे कळेल. नागरिकत्वाच्या अर्जावर जहाज होतं ‘प्रिन्झेस आयरीन’, जर्मन कंपनीचं, जिनोवा-नेपल्स-न्यूयॉर्क फेऱ्या करायचं. साल १९०९. नावाने काहीच येत नव्हतं, म्हणून त्या वर्षी ते जहाज ज्या ज्या तारखांना लागलं त्या याद्या काढल्या आणि पान पान बघत गेलो, रात्री जेवण झाल्यावर रोज वीस-पंचवीस पानं, बायको म्हणायची एवढं बँकेचं पासबुक तरी बघा. सहाव्या रात्री एका पानावर सतरावी ओळ. साइटने आडनाव एल ने लावलं होतं. मी खाली बाविसाव्या ओळीतल्या साल्वातोरेचा एस बघितला, त्याचा खालचा वळसा डावीकडे जाऊन परत वर यायचा, आणि लुईजीचा एल मात्र खाली सरळ पाय पसरून बसायचा. आमच्या ओळीतलं अक्षर वर येत होतं. एस! एवढाच फरक, आणि त्यापायी त्यांच्या घरातले लोक वीस वर्षं शोधत होते.

बाकी गोंधळ नेहमीचेच. मोठा आय आणि जे सारखेच, टी आणि एफ सारखे, छोटा यू आणि एन तर ओळखूच येत नाहीत, दोन एल की दोन टी ते आडवी रेघ बघून ठरवायचं. इटालियन माणूस एकचा आकडा डोक्यावर लांब शेपटी काढून लिहितो, तो आपल्याला सात वाटतो, त्याचा खरा सात पोटात आडवी रेघ घेऊन येतो. वय १९ की ७९ हा प्रश्न पडला तर तो याच्यामुळे. आणि ‘डी ओ’ असं बारीक लिहिलेलं दिसलं तर ते डिटो, म्हणजे वरचंच खाली.

कॉलम कुठले बघायचे ते वर्षावर आहे. १८९३ च्या आधीच्या यादीत नाव, वय, धंदा, देश एवढंच, गाव क्वचितच. १८९३ पासून शेवटचं राहण्याचं ठिकाण आणि कुणाकडे चाललाय ते येतं. १९०३ पासून वंशाचा कॉलम, त्यात इटालियनांचे दोन भाग केलेले, उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, कागद इटलीचा एकच पण यांनी दोन वंश पाडले, आता काय बोलायचं. १९०६ पासून उंची, रंग, केस-डोळे, खुणा आणि जन्मगाव. आणि १९०७ पासून यादी दोन पानांची झाली, त्यात मायदेशात मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता.

दोन पानांची हे मी मुद्दाम सांगतोय. स्क्रीनवर डावं पान दिसतं, लोक ते सेव्ह करून खुश होतात, आणि पुढचं बटण दाबतच नाहीत. उजव्या पानावर जन्मगाव आहे, कुणाकडे चाललाय त्याचा पत्ता आहे, खिशात पन्नास डॉलर आहेत का आणि नसतील तर किती आहेत ते आहे, आधी कधी अमेरिकेत आला होता का आणि कुठल्या साली ते आहे, तिकिटाचे पैसे कुणी दिले ते आहे. अराजकवादी आहेस का, एकापेक्षा जास्त बायका करण्याला मानतोस का, हे प्रश्न पण आहेत, सगळे ‘नो’ म्हणतात, म्हणणारच. ‘आधी आला होता का’ला ‘यस’ असेल तर तुमचं काम वाढलं असं समजा, त्या काळी कितीतरी इटालियन गडी दोनचार वर्षं मजुरी करून गावी परत जायचे आणि पुन्हा यायचे, म्हणजे एकाच माणसाच्या तीनतीन याद्या असू शकतात.

नातेवाइकाच्या कॉलमवर थोडं थांबा. दक्षिण इटलीत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, मुलींनाही तसंच आज्यांचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तेच, फरक इतकाच की तिथे सगळे भाऊ ते पाळतात. म्हणजे आजोबा विटो असले आणि त्यांना चार मुलगे असले तर गावात एकाच आडनावाचे चार विटो, वयात दोनतीन वर्षांचा फरक. कुठला आपला? ते फक्त ‘वडील अमुक, गाव तमुक’ या कॉलमवरून कळतं. नुसतं नाव आणि वय जुळलं म्हणून पणजोबा मिळाले असं जाहीर करू नका, वडिलांचं नाव, गाव आणि ज्याच्याकडे चालला तो माणूस, तिन्ही जुळले पाहिजेत. आमचे पणजोबा न्यूअर्कला मेव्हण्याकडे चालले होते, आणि मेव्हण्याचं नाव जावयांच्या घरातल्या म्हातारीने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. खिशात बारा डॉलर, उंची पाच फूट तीन.

आणि गाव? ‘नेपल्स’ नव्हतंच! नेपल्स हे बंदर, तिथून जहाज सुटलं म्हणून चार पिढ्या आम्ही नेपल्सचे. यादीत लिहिलं होतं सान फेले, बाझिलिकाता भागात पोटेन्झाजवळचं डोंगरातलं गाव. कारकुनाने ‘सान’च्या जागी नुसता एस आणि टिंब दिलं होतं, टाइप करणाऱ्याने ते जोडून भलताच शब्द केला होता. अशा वेळी आजूबाजूच्या ओळी बघा, एका गावचे लोक एकत्र तिकीट काढायचे, त्यामुळे वरखाली तेच गाव जरा नीट लिहिलेलं मिळतं, मग नकाशा उघडून ताडून घ्यायचं.

समासातल्या खुणा. नावावर रेघ मारली असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा माणूस जहाजावर चढलाच नाही, पुढच्या जहाजाने आला असेल, तिथे बघा. वय किंवा धंद्याच्या कॉलमवर नंतर कुणीतरी आकडे आणि तारीख खरडलेली असते, १९३० किंवा ४० च्या आसपासची, ती नागरिकत्वाच्या अर्जासाठी ही नोंद तपासल्याची खूण, म्हणजे अर्ज कुठेतरी आहे, शोधा. डावीकडे फुली असेल तर थोडा वेळ अडकवून ठेवलं. ‘एस आय’ असेल तर चौकशी मंडळासमोर उभं केलं, आणि ‘एल पी सी’ म्हणजे हा माणूस सरकारवर बोजा होईल अशी शंका.

गाव मिळालं की जहाजाचं काम संपलं आणि इटलीचं सुरू झालं. तिथल्या सरकारी दफ्तरखान्यांची ‘अंतेनाती’ नावाची साइट आहे, अंतेनाती म्हणजे पूर्वज, फुकट आहे. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून आणि एकूण इटलीभर १८६६ च्या सुमाराला, त्यामुळे पणजोबा दक्षिणेचे असतील तर तुम्ही नशीबवान. तिथे साल आकड्यात लिहीत नाहीत, शब्दात लिहितात, ‘मिल्ले ओत्तोचेंतो ओत्तांता’ म्हणजे १८८०, तेव्हा आधी आकडे पाठ करा. आणि ‘अमुक दि तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा, बाप जिवंत. ‘अमुक फू तमुक’ म्हणजे बाप वारलेला. आपल्या मोडीतलं ‘बिन’च की हे, फक्त त्यांनी त्यातच कैलासवासी पण घालून टाकलं, मला तर फार आवडलं. ‘दि’चं ‘फू’ कुठल्या साली झालं ते बघून खापरपणजोबा कधी गेले याचा अंदाज मृत्यूची नोंद न सापडताही बांधता येतो.

जावयांना मधे इटलीचं नागरिकत्व घ्यायचा पण मोह झाला होता, पण २०२५ मध्ये त्यांनी नियम आवळले, आता आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच चालतं, पणजोबांवर काम भागत नाही. म्हणजे त्या हेतूने कुणी सुरू करणार असेल तर आधी तो नियम वाचा.

सापडलेल्या प्रत्येक पानाचं चित्र उतरवून फाइलच्या नावातच जहाज, तारीख, पान आणि ओळ नंबर लिहा. मी पहिल्यांदा नाही लिहिलं आणि तेच पान दुसऱ्यांदा शोधायला चार रात्री गेल्या.

एक राहिलं, अडकवलेल्यांची यादी. ही त्या जहाजाच्या याद्यांच्या शेवटी असते, लोक तिथपर्यंत जातच नाहीत. पणजी १९११ मध्ये चार वर्षांची मुलगी घेऊन आली, माहेरच्या आडनावाने, नावापुढे फुली. मी शेवटची पानं उघडली तर तिथे कारणाच्या कॉलममध्ये ‘टु हजबंड’, म्हणजे नवरा घ्यायला येईपर्यंत सोडायचं नाही, एकट्या बाईला सोडत नसत. आणि उजव्या कडेला तीन बारीक कॉलम, नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, सरकारने किती वेळा जेवायला घातलं त्याचा हिशेब. आमच्या पणजीपुढे नाश्ता दोन, दुपारचं दोन, रात्रीचं दोन. मी ते भाचीला पाठवलं तेव्हा इथे सकाळचे सात आणि तिच्याकडे आदल्या दिवसाची रात्र, तिने लगेच फोन केला, मागून जावई विचारत होते की मामाजी, नवऱ्याला न्यूअर्कहून यायला दोन दिवस का लागले, ते तर समोरच आहे. आता ते शोधतोय.